थोरलीचे पाय

मालतीकाकू, आधी तुमचं नाव लिहितो. काय झालं ते मागून.

ही आमच्या आईची रीत. गावाकडे फोन करून मी काही वाईट सांगायला लागलो, की ती मला मध्येच अडवते. "तुह्यासंगं कोन होतं, पयले थे सांग," म्हणते. मदतीला कोण धावलं ते नाव एकदा कानावर पडलं की तिचा श्वास खाली बसतो, मग ती बाकीचं ऐकून घेते. पुण्याला आल्यापासून माझ्या बहुतेक संकटांत तिने तुमचंच नाव ऐकलं. परवाही तसंच झालं. तिने विचारलं आणि माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "मालतीकाकू." ती म्हणाली, "मंग काही भेव नाही. काय झालं?" आणि मला पुढे बोलताच येईना. कारण या वेळी जे झालं होतं, तेही तुम्हीच होतात.

तुम्ही गेलात. झोपेत गेलात, असं तुमच्या लेकीने, अनघाताईंनी सांगितलं. तुमच्या झोपेबद्दल मला थोडं माहीत आहे, काकू. त्यावर येतो शेवटी.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. यवतमाळकडून इतक्या लांब आलो तेव्हा गाडी हाकता येणं एवढी एकच विद्या माझ्यापाशी होती. हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती एकामागून एक उठत होत्या आणि त्यांत काम करणाऱ्या पोरापोरींना आणायला-सोडायला ड्रायव्हर कमी पडत होते. तरी तुमच्या नारायण पेठेतल्या गेटवरची पाटी वाचून मी आत यायला घाबरलोच होतो. "ड्रायव्हर पाहिजे. कमी बोलणारा." तुम्ही दार उघडलंत, हात कणकेने भरलेले. खडकीच्या कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करायचं काम तुम्ही जन्मभर केलेलं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की ही बाई माणसालाही मापाला लावून बघते.

"घाट येतो का?" तुम्ही विचारलंत.

"येत होता. आता येत नाही."

"पोहायला येत होतं, आता येत नाही, असं ऐकलंय का कुणी? नीट सांगा."

मग मी सांगितलं. आधीच्या मालकाची गाडी होती, जुनी, उंच, तुमच्या गाडीसारखीच. सहलीची पोरं घेऊन ताम्हिणीत उतरत होतो. निम्म्यात ब्रेकचं पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं. परत दाबलं, परत खाली. गाडी खडकाला घासत नेली आणि गटारात अडकवली. कुणाला खरचटलंही नाही. पोरांनी फोटो काढले, दुसरी गाडी बोलावली आणि निघून गेली. मालक आला, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे न बघता म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. वाईट वाटल्याचं काही बोलला नाहीत. फक्त विचारलंत, "गाडी कुठल्या बाजूला घातलीत? डोंगराच्या की दरीच्या?"

"डोंगराच्या."

"मग येतो की तुम्हाला घाट. सकाळी लवकर या. आणि गजाननराव, चपला बाहेर."

गजाननराव! मला जन्मात कुणी राव म्हटलं नव्हतं. ते कौतुकाने म्हणता की टोमणा म्हणून, हे मला पुढे कित्येक महिने कळत नव्हतं. कळलं तेव्हा लक्षात आलं, की पुण्यात दोन्ही एकाच ताटात वाढतात.

काकांनी हौसेने घेतलेली ती पांढरी गाडी म्हणजे थोरली. स्कूटर होती ती धाकटी. धाकटी काकांच्या मागोमाग गेली, थोरली राहिली, आणि तिला नुसतं उभं ठेवायचं नाही म्हणून तुम्ही ती कंपनीच्या पोरींना ने-आण करायला लावली होती. पोरींची वेळ दिवसाची, रस्ता बहुतेक सपाट. मला वाटलं, सुटलो. घाट नाही म्हणजे भीती नाही.

पण भीती रस्त्यात नव्हती, पायात होती. चांदणी चौकाकडून उतरताना, पुलावरून खाली येताना, कुठे जरा नाक खाली झालं की माझा उजवा पाय ब्रेकवर जाऊन बसायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही. जोरात नाही, नुसता टेकलेला. आपल्या माणसाचा हात गर्दीत धरून ठेवतो ना, तसा. मला वाटायचं, मी सांभाळून चालवतोय. पोरीही म्हणायच्या, काका किती सांभाळून चालवतात. ब्रेक ज्यांना आवळतो त्या चाकातल्या लोखंडी डिस्क तिकडे तव्यासारख्या तापत होत्या, ते कुणाला दिसणार?

आणि घरी आलो की मी पहिलं काम काय करायचो, ते तुम्हाला आठवतं. पार्किंगच्या नळाखाली बादली लावायची आणि चारही चाकांवर पाणी ओतायचं. चर्र आवाज यायचा, वाफ निघायची, मला बरं वाटायचं.

एक दिवस तुम्ही वरून बघितलंत. गुडघे दुखत होते तरी जिना उतरून आलात.

"हे काय चाललंय?"

"पाय धुतो जी तिचे."

"कुणाचे?"

"थोरलीचे."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की मापात न बसणारा नग मीच. मग मला सगळं सांगावं लागलं. आमच्याकडे उन्हातान्हातून कुणी दारात आलं, की आधी त्याच्या पायावर पाणी घालतात, मग बोलतात. पाहुणा असो, घरचा असो. बाजारातून बैल आले तरी आई आधी त्यांच्या खुरांवर तांब्या रिता करायची, मग बाबांना चहा. दिवसभर चालून आलेल्याला कोरडं उभं ठेवायचं नसतं.

मग एवढंच म्हणालात, "बैलाच्या खुराला ठीक आहे. तापलेल्या तव्यावर पाणी मारलं तर तवा वाकडा होतो, हे तुमच्या आईला विचारा. ती सांगेल." आणि वर गेलात.

दुसऱ्या दिवशी नळावर पाटी होती. तुमच्या त्या सरळ, कोरल्यासारख्या अक्षरात: "गरम चाकांवर पाणी ओतू नये. गाडीला पाय नसतात." सोसायटीतले लोक येता-जाता वाचायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. मला राग आला होता, काकू. आज सांगतो. पाटीचा नाही, त्यातल्या दुसऱ्या वाक्याचा. त्यावरून आपलं शेवटपर्यंत जमलं नाही.

पण वाकायचं ते वाकून झालं होतं. ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात थरथरायचं, पेडल पायाला टकटक मारायचं. तुम्ही एकदा डिस्क काढून लेथवर सपाट करून आणवल्या. थोडे दिवस बरे गेले. पाणी मी बंद केलं होतं, पण पाय कुठे बंद झाला होता? पुन्हा थरथर सुरू. आणि थरथर सुरू झाली की मी आणखी घाबरायचो, घाबरलो की पाय आणखी टेकवायचो. एका संध्याकाळी पोरी उतरल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि माझेच हात थरथरतायत की चाक, ते मला समजेना. घरी फोन केला. म्हटलं, आई, मी परत येतो. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलीन, पण आता स्टिअरिंगला हात लावत नाही.

"तुह्यासंगं कोन हाय आत्ता?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"मंग कोनी भेटंपर्यंत ठरवू नको."

तुम्ही भेटलात. मी चावी परत द्यायला वर आलो होतो. तुम्ही चावी घेतली नाहीत. लेथवाल्याचा माणूस समोर बसला होता, डिस्क पुढ्यात. तो म्हणत होता, "बाई, अजून एकदा घासून निघेल. लोखंड शिल्लक आहे." तुमच्या हातात तुमचा तो मायक्रोमीटर, चष्म्याच्या डबीसारख्या डबीत ठेवलेला. डिस्कच्या कडेला तो लावून, फिरवून फिरवून जाडी बघत होतात. इथे निळी पडलीये, तिथे पातळ झालीये. शेवटी म्हणालात, "निघेल. ब्लाउजपीसमधून रुमालही निघतो. मला ब्लाउज हवाय." तो हसत डिस्क गुंडाळून घेऊन गेला. मग माझ्याकडे वळून, "हं, तुमचं काय?"

"काकू, मी जातो गावाला."

"जा. पण नव्या डिस्क येताहेत रविवारी. बसवायला माणूस लागेल. माझे गुडघे रिटायर झालेत, तोंड नाही. बसवा आणि मग जा. तुमच्या हाताने बसवलेल्या ब्रेकवर विश्वास बसला नाही, तर मी स्वतः तुम्हाला स्वारगेटला गाडीत बसवून देईन."

तो रविवार माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता, काकू. त्याच्याबद्दल तुम्हाला कधी धन्यवाद म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "कशाबद्दल? ऑईलचे डाग अजून गेलेले नाहीत."

पार्किंगमध्ये तुम्ही लाकडी स्टुलावर बसलात, मी खाली. मागच्या चाकांखाली दगड अडकवले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग जॅकवर भरवसा नको म्हणून खाली घोडी. चाक निघालं. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर सोडवला तर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू लागला. "अहो, त्याला असं गळ्याने टांगू नका," असं म्हणून तुम्ही कपड्याच्या हँगरची तार वाकवून दिलीत, तिने तो वर बांधला. डिस्क मात्र हलेना. चाक ज्यावर बसतं त्या हबला गंजाने चिकटून बसली होती. मी हातोडी उगारली तशा तुम्ही ओरडलात, "एका जागी नको! रुसलेल्या जावयाला समजावतात तसं. सगळ्या बाजूंनी, थोडं थोडं." लाकडाचा ठोकळा मध्ये धरून चहूबाजूंनी ठोकत गेलो, आणि ती सुटली.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. "मालतीबाई, पार्किंगमध्ये गॅरेज काढलंत की काय?"

"छे हो. शाळा काढलीये. पण यंदाचे प्रवेश भरले."

ते गेले. तुम्ही मला तारेचा ब्रश दिलात आणि हबचा तोंडवळा चमकेपर्यंत घासायला लावलात. मी घासायचो, तुम्ही म्हणायचात, अजून. मला वाटलं, आता यात आरसा बघायचा आहे का? "गंजाचा एवढासा कण आत राहिला," तुम्ही म्हणालात, "तर नवी डिस्क वाकडी बसेल, आणि तुम्ही म्हणाल मालच खराब." मग नव्या डिस्क. त्यांच्यावर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो भांड्यांच्या साबणाने आणि कढत पाण्याने उतरवायला लावलात, स्वच्छ फडक्याने कोरड्या करून घेतल्यात. मी खिशातून कुंकवाची पुडी काढली. नवी वस्तू आहे, बोट लावावं.

"तिथे नको," तुम्ही म्हणालात. "घासायची जागा आहे ती. कपाळाला लावा, बॉनेट कशाला दिलंय?"

मी बॉनेटवर बोट टेकवलं आणि मनात म्हटलं, काकू, कपाळ तर तुम्हीच कबूल केलंत.

डिस्कला आवळणारे नवे पॅड घालायला जागा हवी म्हणून त्यांना पुढे ढकलणारे पिस्टन दाबून मागे सारले. बोल्ट आवळले. दोन्ही बाजू झाल्या. चाकं चढली, गाडी खाली आली. तुम्ही म्हणालात, "बसा. चालू करू नका. नुसता ब्रेक दाबा."

मी बसलो. पाय ठेवला. पेडल खाली गेलं, थेट तळाला. तेच लोणी.

काकू, मला त्या क्षणी समोर पार्किंगची भिंत दिसत नव्हती, ताम्हिणी दिसत होता. मी दार उघडून बाहेर उडी मारली. "गेले, काकू! ब्रेक गेले!"

तुम्ही स्टुलावरून उठलाही नाहीत. "गेले नाहीत. अजून आलेच नाहीत. पिस्टन मागे कुणी ढकलले?"

"मी."

"मग ते पुढे कोण आणणार? बसा. दाबा. सोडा. परत दाबा."

मी बसलो. दाबलं, खाली गेलं. सोडलं. दाबलं, थोडं कमी खाली गेलं. तुम्ही नुसत्या म्हणत होतात, "अजून." मग पेडल अर्ध्यातच थांबलं. मग त्याच्याही वर. शेवटी पाय ठेवला तर खाली दगडी पायरी असावी तसं घट्ट. मी परत परत दाबून बघत राहिलो. कितीतरी महिन्यांनी माझ्या पायाखाली काहीतरी होतं.

"रडताय काय," तुम्ही म्हणालात. "हात धुवा. भाताचा कुकर उतरवायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला खडकीच्या झाडांखालच्या मोकळ्या रस्त्यांवर नेलंत. नव्या डिस्क आणि पॅडना एकमेकांची सवय करून द्यायची असते. वेग घ्यायचा, हळूच दाबायचं, पुरतं थांबायचं नाही, सोडायचं, वारा लागू द्यायचा, पुन्हा. गरम असताना पेडल दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा डाग डिस्कवर उमटतो. तुम्ही शेजारी बसून ताल धरल्यासारखं म्हणत होतात, "दाबा. सोडा. दाबा. सोडा." मी दाबायचो बरोबर, सोडायला उशीर करायचो. शेवटी तुम्ही म्हणालात, "गजाननराव, डिस्क दुकानातूनच नवी आलीये. आपण तुमचा पाय नवा करतोय. उतारावर गिअर खाली घ्या, इंजिन धरून ठेवेल गाडीला. ब्रेक लागेल तेव्हाच मारा, आणि मारून सोडून द्या. धरून बसलात, की वेळेला त्याच्यात जीव उरत नाही."

मी गावाला गेलो नाही. तुम्ही परत विचारलंही नाहीत.

त्यानंतर तुम्ही कोकणाचं काढलंत. माणगावला तुमची मावसबहीण, तिला भेटायचं, आणि जायचं ताम्हिणीतूनच. मी टायरचं कारण सांगितलं, धुक्याचं सांगितलं, पोरींच्या ड्युटीचं सांगितलं. "अहो, घाट आहे तो," तुम्ही म्हणालात. "तुमचं सासर नाही. एवढे मानपान कशाला?" आणि एका सकाळी डब्यात दडपे पोहे घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसलात.

मुळशीचं पाणी मागे पडलं, उतार सुरू झाला. मी गिअर खाली घेतला. थोरली गुरगुरली आणि सावरून चालू लागली. त्या वळणाच्या आधी मी म्हटलं, "काकू, इथंच."

"हं," तुम्ही म्हणालात. "मला डोळा लागतोय. आलं की उठवा." आणि मान मागे टाकून डोळे मिटून घेतलेत.

मी वेडा झालो. ज्या जागी माझा जीव घशात येतो, तिथे ही बाई झोपते! आणि मग मला वाटलं, ही झोपली म्हणजे हिला खात्री आहे. हिचं माप कधी चुकत नाही. पास-नापास करणारीने मला पास केलं. मी दाबलं आणि सोडलं. वळण गेलं. दाबलं, सोडलं. दुसरं गेलं. कुठेही थरथर नाही, पेडल पायरीसारखं घट्ट. तेव्हा कुठे मला बाजूला बघायचा धीर झाला.

तुमचे डोळे मिटलेले होते. चेहरा शांत होता. पण तुम्ही चप्पल काढून ठेवली होती आणि तुमचा उजवा पाय खालच्या मॅटवर गच्च दाबलेला होता. बोटं पांढरी पडलेली. वळण आलं की तो दाबला जायचा. मी ब्रेक सोडला की तोही सुटायचा. सगळा घाट तुम्ही माझ्याबरोबर ब्रेक मारत उतरलात, काकू, आणि पापणी एकदाही उघडली नाहीत.

खाली आल्यावर तुम्ही डोळे उघडलेत. "आलो का? छान झोप लागली."

"हो जी," मी म्हणालो.

इतकी वर्षं मी ते तुम्हाला बोललो नाही. आधी वाटलं, सवयीने होत असेल, शेजारी बसणाऱ्या कितीतरी माणसांचं होतं. मग वाटलं, बोललो तर तुमचं ते झोपणं मोडेल. त्या झोपेवर माझं सगळं उभं आहे. पुढे कंपनीने बसगाड्या घेतल्या, पोरींची ड्युटी संपली, मी स्वतःची टॅक्सी घेतली. महाबळेश्वर, आंबोली, कुठे कुठे उतरलो. प्रत्येक उतारावर माझ्या शेजारी कुणीतरी डोळे मिटून बसलेलं असायचं.

रविवार मात्र थोरलीचा राहिला. पावसाळ्यात ती दोन दिवस उभी राहिली, की डिस्कवर गंजाचा पापुद्रा धरायचा आणि पहिल्या ब्रेकला खर्र आवाज यायचा. मी दचकायचो. तुम्ही म्हणायचात, "काही नाही, तिने अजून तोंड धुतलेलं नाही. चार वेळा ब्रेक मारा, जाईल."

"काकू," मी एकदा म्हटलं, "तिला कपाळ आहे, तोंड आहे. पाय तेवढे नाहीत?"

तुम्ही पेपर खाली केलात. माझ्याकडे बघितलंत. मग पेपर वर करून म्हणालात, "चहा घ्या."

वादात तुम्ही मला जिंकू दिलेलं तेवढंच. पाटी मात्र काढली नाहीत.

तुम्हाला पोचवून आम्ही परत आलो, ते थोरलीतून. मीच चालवत होतो. अनघाताई पुढे बसल्या होत्या, तुमच्या सीटवर. घरात शिरायच्या आधी सगळ्यांनी नळावर पाय धुतले, त्या पाटीखाली. गर्दी वर गेली. मी खालीच थांबलो. बादली भरली आणि बाजूला ठेवली. चाकाजवळ हात नेला, ऊब लागत होती. तसाच बसून राहिलो. पुन्हा हात नेला. हाताला गार लागेपर्यंत बसलो, काकू, आणि मग चारही चाकांवर पाणी घातलं. चर्र झालं नाही. तुमचा नियम पाळला आणि आईचाही.

अनघाताई जिन्यातून बघत होत्या. अगदी तुम्ही बघायचात तशा. खाली येऊन पायरीवर बसल्या. मी त्यांना ताम्हिणीचं सांगितलं, तुम्ही झोपलात ते. पायाचं नाही सांगितलं.

"आई? घाटात झोपली?" त्या म्हणाल्या. "शक्यच नाही. बाबा चालवायचे तेव्हासुद्धा ती डोळे ताणून बसायची, आम्हाला गाणी म्हणू द्यायची नाही. बाबा गेल्यावर तर ती घाट उतरलीच नव्हती. आम्ही किती म्हटलं, चल कोकणात. बसने नको, कारने नको. मग अचानक एकदा माणगावला जाऊन आली म्हणाली. आम्हाला वाटलं, घाट चुकवून कुठून तरी गेली असेल."

पायाचं मला माहीत होतं, पण त्या पायाच्या मागे केवढं होतं, ते त्या पायरीवर बसून कळलं. तुम्हाला माझ्याइतकंच भेव होतं, काकू. कदाचित जास्त. आणि तुम्ही डोळे मिटलेत, मला दिसावं म्हणून.

अनघाताई चाकांकडे बघत म्हणाल्या, "सगळे म्हणतात, विकून टाक, नाहीतर भंगारात दे. मला गाडीच चालवता येत नाही, गजाननदादा. दोनदा शिकायला गेले, दोनदा रडत परत आले. उतार आला की हातपाय गळतात." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही शिकवाल का?"

मी म्हटलं, "घरी आईला विचारून सांगतो." का म्हटलं तसं, माहीत नाही. भेव वाटलं. रात्री आईला फोन केला. पहिल्या फोनवर अडकलेलं सगळं सांगितलं, तुम्ही गेल्याचंही. सगळं ऐकून ती म्हणाली, "आता त्या पोरीसंगं कोन हाय?"

म्हणून हे लिहितो. तुमची फेड पैशाने होणार नाही, आणि तुमच्या पाया पडायला गेलो की तुम्ही म्हणायचात, वाकू नका, पाठ धरेल. एक शब्द देतो, तेवढा घ्या. पुढच्या रविवारपासून अनघाताईंना खडकीच्या रस्त्यांवर नेईन. दाबा, सोडा, दाबा, सोडा. किती दिवस लागतील ते लागोत. आणि कधीतरी, थोरलीच्या डिस्क आणखी एकदा त्यांच्याच हाताने बदलून झाल्या, की त्या ताम्हिणी उतरतील. मी शेजारी बसेन. ते वळण आलं की म्हणेन, मला डोळा लागतोय, आलं की उठवा. आणि डोळे मिटून घेईन, काकू. घाट संपेपर्यंत उघडणार नाही.

पायाचं मात्र सांगता येत नाही.